पौर्णिमाच्या लायसनची पावती

ईशा आणि कबीर, मागच्या महिन्यात सलग पाच दिवस मी तुमचा फोन उचलला नाही, तेव्हा मी ट्रकमध्ये होते. सगळा वेळ नाही. थोडा वेळ एसटीत, थोडा वेळ जीपमध्ये आणि बराच वेळ लोकांच्या ऑफिसातल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. पण तुमच्या आईने "आजी ट्रकमध्ये?" असं तीनदा विचारलं, म्हणून आधी ते सांगून टाकते.

कारण पौर्णिमा. माझ्या थोरल्या बहिणीची नात, म्हणजे तुमची ताईच. मागे तुम्ही आला होतात तेव्हा तिने तुम्हाला ट्रॅक्टरवर बसवून धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, दाखवल्या होत्या आणि कबीरची एक चप्पल चिखलात कायमची गेली होती. ती आता चोवीस वर्षांची आहे. तिने अवजड वाहनांचं प्रशिक्षण घेतलं आणि तिला ट्रक चालवायचं लायसन मिळालं. पण लायसन मिळालं म्हणजे काम मिळालं असं नसतं. नव्या ड्रायव्हरच्या हातात आपली गाडी कोणी सहजी देत नाही, आणि जो लगेच देतो त्याचा संशय येतो. शिवाय या धंद्यात पुढे जन्मभर एकच गोष्ट विचारतात: पहिली गाडी कोणाची चालवली, आणि तिथून का निघालात? पहिलं वर्ष चांगल्या ठिकाणी गेलं तर पुढे कोणीही घेतं. वाईट ठिकाणी गेलं तर मुलगी परत घरी, आणि घरी तिच्या लग्नाची बोलणी करायला अर्धा डझन नातेवाईक तयारच बसलेले.

म्हणून तिच्या आईने, सुनंदाने, मला गळ घातली. "मावशी, तुमी संगं जा. तुमी इंग्रजी शिकलेल्या. तुमाले कोनी फसवू शकत नाई."

हे वाक्य लक्षात ठेवा.

मी बत्तीस वर्षं ब्रह्मपुरीच्या कॉलेजात ग्रंथपाल होते हे तुम्हाला माहीत आहे. कामाची पद्धत सुटत नाही. मी एक वही केली. तीन कंपन्यांची नावं लिहिली, प्रत्येक नावाखाली तेच अकरा प्रश्न लिहिले आणि उत्तरासाठी दोन-दोन ओळी सोडल्या. पौर्णिमाची सगळी कागदपत्रं निळ्या फाइलमध्ये लावली आणि ती फाइल माझ्याजवळ ठेवली. तिच्याकडे दिली असती तर पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या बाटलीशेजारी गेली असती.

मंगळवार, चंद्रपूर

सिंदेवाही, मूल करत सकाळची एसटी चंद्रपूरला जाते. मूलच्या पुढे जंगल लागतं. पळस असा फुलला होता की खिडकीतून दुसरीकडे बघवेना. पौर्णिमा मात्र पळसाकडे बघत नव्हती. ती पुढे चाललेल्या ट्रककडे बघत होती.

"आजी, त्याचं मागचं चाक डुगडुगून राह्यलं."

"तुला कसं कळलं?"

"दिसते ना जी." तिला खरंच दिसत होतं. मला नुसता ट्रकचा मागचा भाग दिसत होता, आणि त्यावर लिहिलेला शेर.

पहिली कंपनी शहराबाहेर कोळशाच्या रस्त्यावर होती. तिचं नाव मी लिहीत नाही; का, ते पुढे कळेल. त्या रस्त्यावर झाडांची पानंसुद्धा काळी आहेत. त्या सगळ्या काळोखीत ते ऑफिस म्हणजे धुतलेल्या पाटीसारखं: काचेचं दार, थंड हवा, कुंड्या, आणि भिंतीवरच्या कपाटात छापील चिठ्ठ्या लावलेल्या फाइली, एका उंचीच्या. मॅनेजर चाळिशीचे, इस्त्रीच्या शर्टातले. मी वही उघडली तशी त्यांनीही वही उघडली. अकरापैकी अकरा प्रश्नांची उत्तरं त्यांनी न अडखळता दिली, त्यातली अर्धी इंग्रजीत. नियुक्तिपत्र मिळेल. आठवड्याची सुट्टी मिळेल. बाईमाणसासाठी वेगळी खोली आणि स्वच्छतागृह आहे. खोली त्यांनी दाखवलीही.

खरं सांगायचं तर संशय घ्यायला त्यांनी कुठे जागाच ठेवली नव्हती. मला पहिला संशय तिथेच यायला हवा होता.

मग त्यांनी टेबलाचा खालचा खण ओढला. लांब, अरुंद खण. त्यात ड्रायव्हरांची लायसनं उभी लावलेली होती, इंग्रजी अक्षरांप्रमाणे, दर अक्षरापाशी पुठ्ठ्याची जीभ. मुलांनो, तुम्ही पुस्तकं संगणकावर शोधता, पण आमच्या ग्रंथालयात कार्डांचे असेच खण होते, आणि ते मी स्वतःच्या हातांनी लावलेले होते. तो खण बघून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

"व्हेरिफिकेशनसाठी ओरिजिनल ठेवावं लागतं मॅडम," मॅनेजर म्हणाले. "दोन-तीन दिवसांत फोन करतो. पावती देतो ना."

पौर्णिमा हळूच म्हणाली, "आजी, झेरॉक्स देऊ."

"अगं, पावती देताहेत ते," मी म्हणाले, आणि निळ्या फाइलमधून लायसन काढून माझ्या हाताने त्यांच्या हातात दिलं. पावतीवर तिचं नाव बिनचूक होतं, नंबर होता, तारीख होती, गोल शिक्का होता. तिथेच टेबलावर मी ती फाइलला लावली.

बाहेर पडताना आवारात ट्रक ओळीने उभे होते, धुतलेले.

"एवढ्या गाड्या उभ्या काऊन?" पौर्णिमाने विचारलं.

"शिस्त आहे त्यांच्याकडे," मी म्हणाले.

त्या दिवशी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे जेवलो. तिने सांबारवडी केली होती. तुमच्या आईला सांगा, सांबार म्हणजे इडलीबरोबरचं नव्हे. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मी तीन वड्या खाल्ल्या, इतकी खूश होते. पौर्णिमाने एक खाल्ली.

बुधवार, गोंडपिपरी

खरं तर माझा निर्णय झाला होता. पण वहीत तीन नावं होती आणि अर्धवट वही मला आवडत नाही, म्हणून जीपने गोंडपिपरीला गेलो.

दुसरी कंपनी म्हणजे एक पत्र्याची शेड, चार ट्रक आणि गुलाबभाऊ. वय पंचावन्नच्या पुढे, लुंगी, कानावर पेन. आम्ही गेलो तेव्हा ऑफिसातल्या एकुलत्या एका खुर्चीवर कोंबडी बसली होती. त्यांनी तिला दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवलं, खुर्ची लुंगीच्या टोकाने पुसली आणि म्हणाले, "जयभीम बाई, बसा." भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. आपल्या घरात जी आहे तीच. पण तसबीर बघून कोणावर विश्वास ठेवायचा नाही हे मी घरूनच ठरवून निघाले होते. मी वहीत पहिल्या प्रश्नाच्या वर 'कोंबडी' असं लिहिलं.

"नियुक्तिपत्र देता का?"

"काय पत्र?"

"कामावर घेतल्याचं पत्र."

"बाई, माझ्याकडे चार गाड्या अन् तीन डायवर. चौथा आला त साऱ्या गोंडपिपरीले समजते. पत्र कोनाले दाखवाचं?"

त्यांचे कागद बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होते. मी गाड्यांचे विमे दाखवायला सांगितले. त्यांनी डबा टेबलावर उपडा केला. चारही विमे निघाले, चालू तारखेचे, पण त्यांच्याबरोबर एक लग्नपत्रिका, दोन स्क्रू आणि खोकल्याच्या गोळ्याही निघाल्या.

"मागचा ड्रायव्हर का सोडून गेला?"

"त्यालेच विचारा," म्हणून त्यांनी फोन लावला आणि माझ्या हातात दिला. पलीकडचा माणूस म्हणाला की बायकोला नागपूरच्या दवाखान्यात नोकरी लागली म्हणून गेलो. मग म्हणाला, "भाऊ चांगला मानूस हाय, पर बोलते लय. त्याच्या गाडीत रेडिओची गरज नाई." माणूस पढवून ठेवलेला असू शकतो, असं मी लिहिलं.

"मुलगी कशी चालते तुम्हाला?" हा माझा सातवा प्रश्न.

"मी कुठी मुलगी मांगतली? मी डायवर मांगतला. मुलगी तुमी घेऊन आल्या."

पौर्णिमा खोकल्यासारखं करून हसली.

लायसन बघायला ते मागत नव्हते हे मला खटकत होतं. शेवटी मीच ती पावती पुढे केली आणि जरा दिमाखातच सांगितलं की ते चंद्रपूरच्या मोठ्या कंपनीत जमा आहे. गुलाबभाऊंनी पावती हातात घेतली, पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि परत दिली. एवढा बोलका माणूस गप्प बसला, हेही मी टिपून ठेवलं.

"उद्या सिरोंच्याले सिमेंट चाल्लं," ते म्हणाले. "तुमी दोघी चला. तुमी गाडी पाहा, मी पोरीले पाहातो."

"लायसनशिवाय ती चालवणार नाही," मी म्हणाले.

"मोबाईलात हाय आजी. सरकारीच हाय, चालते." ते खरं होतं; सरकारी ॲपमधलं लायसन रस्त्यावर चालतं. पण नव्या माणसाला कामावर ठेवताना मालक कार्डच बघतात.

मग त्यांनी पौर्णिमाच्या हातात हातभर लांबीचा लोखंडी रॉड दिला. "पहिले फेरी."

ही त्यांच्या गाड्यांची रीत आहे. चावी हातात घेण्याआधी ड्रायव्हरने गाडीला पूर्ण फेरी मारायची आणि दहाही चाकांवर रॉड ठोकून आवाज ऐकायचा. भरलेलं चाक 'ठण्' म्हणतं. हवा कमी असली की आवाज बसतो. पौर्णिमा एकेक चाक ठोकत गेली. मी मागून चालले. मला दहाही आवाज सारखेच वाटले. सहाव्यापाशी ती थांबली, पुन्हा ठोकलं.

"याचा आवाज बसला."

"बरोबर," गुलाबभाऊ म्हणाले. "सकाळी मीच हवा काढून ठेवली होती."

पौर्णिमाच्या चेहऱ्यावर परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखा आनंद होता. मी वहीत लिहिलं: 'सापळे लावतो.'

गुरुवार, आष्टी

ट्रकमध्ये चढणं हे माझ्या वयात एकट्याचं काम नाही. पौर्णिमाने वरून ओढलं, गुलाबभाऊंची बहीण, जिच्याकडे आम्ही रात्री राहिलो होतो, खालून ढकलत होती, आणि मध्येच माझा चष्मा पडला. तो सिमेंटच्या धुळीत पडला म्हणून वाचला. एकदा वर बसल्यावर मात्र सांगते, एसटीतून दिसतं त्याहून जग वेगळंच दिसतं. ट्रकमधून सगळी माणसं आपल्यापेक्षा लहान दिसतात. ड्रायव्हर लोक बेफिकीर का होतात ते मला त्या उंचीवर कळलं.

आष्टीजवळ वैनगंगेचा पूल ओलांडला. हे आपल्याच ब्रह्मपुरीवरून आलेलं पाणी. पुलानंतर चहाच्या तीन चांगल्या टपऱ्या मागे टाकून गुलाबभाऊंनी चौथीपाशी गाडी थांबवली. ती सगळ्यांत कळकट होती. मी घड्याळ पाहिलं आणि तेही मनात नोंदवलं.

टपरीवाला मारोती पस्तिशीचा, रुंद मनगटांचा. गुलाबभाऊ त्याला म्हणाले, "मारोती, बाईपाशी एक पावती हाय. पाय बरं."

मी फाइल उघडली. मारोतीने पावती लांबूनच पाहिली. मग साखरेच्या डब्यामागून एक प्लास्टिकची पिशवी काढली, आणि तिच्यातून तशीच एक पावती. तोच गोल शिक्का. घड्या पडून पडून कापडासारखी झालेली.

"तुम्ही ड्रायव्हर होतात?" मी विचारलं.

"हावो, अजूनबी हाय. लायसन त्यांच्या खनात अन् मी इथी किटलीपाशी. दोन वर्सं झाले." त्याने आमच्यापुढे चहा ठेवला. "गाडीचे बिरेक लागत नोहते. मी म्हनलं, नाई नेत. त त्यांनी म्हनलं खेप बुडाली, नुकसान भर. भरलं नाई तवापासून कार्ड तिथंच."

"पण असं कसं ठेवता येईल त्यांना?"

"मागं लिहून हाय म्हनते. मले इंग्रजी येत नाई."

मी माझी पावती उलटी केली.

मागे बारीक इंग्रजीत पंधरा ओळी होत्या. ती इंग्रजी मला शब्दन् शब्द येत होती. लायसन जमा करणं म्हणजे काम स्वीकारणं. सलग एक वर्ष नोकरी होईपर्यंत ते कंपनीच्या ताब्यात राहील. मध्येच सोडलं, किंवा रुजूच झालं नाही, तर कंपनीचं समाधान होईपर्यंत राहील. मी ते मराठीत मोठ्याने वाचलं. वाचताना माझा आवाज बसत गेला, त्या सहाव्या चाकासारखा.

बत्तीस वर्षं मी ग्रंथालयाच्या कार्डांच्या मागे नियम छापून घेतले, आणि मुलं मागची बाजू वाचत नाहीत म्हणून त्यांना रागावले.

आणखी एक गोष्ट तेव्हा लक्षात आली, आणि ती तर मला खणापाशीच कळायला हवी होती. ग्रंथालयात वाचक कार्ड जमा करतो आणि पुस्तक नेतो. म्हणजे खण कार्डांनी भरलेला असेल तर फळ्या रिकाम्या असल्या पाहिजेत. पुस्तक आलं की कार्ड गेलं. चंद्रपूरला खणही गच्च होता आणि आवारात गाड्याही सगळ्या उभ्या होत्या. मग ती कार्डं कोणाची होती? मी अक्षरांचा क्रम बघत बसले. पौर्णिमाने तर मला तेव्हाच विचारलं होतं.

"दुसरं का काढलं नाही, डुप्लिकेट?" मी मारोतीला विचारलं.

"हरवलं म्हनून लिहून द्या लागते ना बाई. हरवलं कुठी? कुठी हाय ते मले माहीत हाय. आता तुमालेबी माहीत झालं."

पौर्णिमाचा चहा तसाच होता. तिच्या पहिल्या वर्षाचा निकाल मी तिच्या वतीने लावून टाकला होता: आता एक तर ब्रेक न लागणाऱ्या गाड्यांच्या कंपनीत वर्ष काढा, नाही तर किटली घ्या. ती एवढंच म्हणाली, "आजी, मी झेरॉक्स म्हनलं होतं." पुन्हा तिने तो विषय काढला नाही. काढला असता तर मला बरं वाटलं असतं.

गुरुवार आणि शुक्रवार, सिरोंचा

आलापल्लीच्या पुढे सागवानाचं जंगल आहे. पानं गळून गेलेली होती, त्यामुळे लांबवर आरपार दिसत होतं. रस्ता असा की डांबर शोधून त्यावर चाक ठेवायचं. गुलाबभाऊंनी तिथेच पौर्णिमाला स्टिअरिंग दिलं, सोप्या रस्त्यावर नाही. मला ते आवडलं नाही.

"पोरी, खड्डा चुकवू नको. खड्डा निवड," ते म्हणाले. "साऱ्यांतून जाचंच हाय. कोनत्यातून जाचं ते तू ठरव."

ती ओठ दाबून, दोन्ही हातांनी चालवत होती. एकदाही धक्क्याने माझं डोकं टपाला लागलं नाही. गुलाबभाऊ चालवत होते तेव्हा दोनदा लागलं होतं. समोरून एक पिकअप आला, मिरची तोडून तेलंगणातून परत निघालेल्या आपल्याकडच्या बायकांनी भरलेला. ट्रकच्या खिडकीत मुलगी बघून त्या सगळ्या एकदम ओरडल्या. एक म्हणाली, "अवो माय, पोरगी हाय वं! चालव, बाई, चालव!" पौर्णिमाने हॉर्न दिला. संबंध प्रवासात ती तेवढं एकदाच हसली.

सिरोंचात दुकानांच्या पाट्या तेलुगूत सुरू होतात. वहीतली तिसरी कंपनी तिथेच होती. पाटी होती, दाराला कुलूप होतं आणि कडीला शेळी बांधलेली होती. फोन बंद. शेजारच्याने तेलुगूत बरंच काही सांगितलं, त्यातलं 'लेदु' म्हणजे 'नाही' एवढं कळलं. मी त्या पानावर आडवी रेघ मारली.

खानावळीत भात, पातळ वरण, चिंचेचं आंबटतिखट सार आणि गोदावरीचा मासा जेवलो. वाढणारी बाई तेलुगू बोलत होती, पौर्णिमा आपली झाडीबोली बोलत होती, आणि दोघींचं मिठाच्या मासळीपासून ड्रायव्हर होण्यापर्यंत सगळं बोलणं झालं. मला दोन्ही बाजू निम्म्या कळल्या. जेवून नदीवर गेलो. आपली वैनगंगा वाटेत वर्धेला मिळते, तिचं नाव प्राणहिता होतं, आणि ती इथे येऊन गोदावरीत जाते. पाणी कसं शांतपणे दुसऱ्याच्या स्वाधीन होतं ते बघून मला त्या दिवशी मुळीच बरं वाटलं नाही.

तिथे मी गुलाबभाऊंना सरळ विचारलं. "तुम्ही मुद्दाम मारोतीपाशी थांबवलंत."

"हो."

"म्हणजे तुम्हाला ड्रायव्हर हवाय म्हणून."

"तेबी हाय. नाई कशाले म्हनू?"

"मग बुधवारीच का नाही सांगितलं? पावती तुमच्या हातात होती."

"सांगतलं असतं त तुमी मानलं असतं का बाई?" ते म्हणाले. "माझ्या खुर्चीवर कोंबडी बसली होती."

मी वही पिशवीत आणखी खाली सारली.

शुक्रवारी परतीला मिरचीची पोती भरली. ती नागपूरला जायची होती, चंद्रपूरवरून. मिरचीच्या गाडीत बसणं म्हणजे काय ते शब्दांत सांगता येत नाही. मी आलापल्लीपर्यंत शिंकत होते आणि गुलाबभाऊ दुसऱ्यांदा गप्प होते, कारण तेही शिंकत होते. आष्टीला मारोतीच्या टपरीवर उतरून मी त्याची पावती मागितली.

"घ्या बाई. मले तिचा काई उपेग नाई," तो म्हणाला. पण द्यायच्या आधी त्याने ती पिशवी दोनदा पुसली. पावतीवर मी त्याच्याकडून दोन ओळी लिहून घेतल्या, की माझं लायसन या बाईंकडे द्यावं, आणि खाली सही. एवढं तरी मला नीट करता येत होतं.

शनिवार, पुन्हा चंद्रपूर

मी ठरवलं होतं की शांतपणे बोलायचं, कायदा सांगायचा, गरज पडली तर आरटीओत जायचं. पौर्णिमाने काय ठरवलं होतं ते मला माहीत नव्हतं.

सकाळी अकराच्या सुमारास ट्रक तीच चालवत होती. कंपनीच्या फाटकाशी आल्यावर तिने गाडी वळवली, तोंड आवारात आणि शेपटी रस्त्यावर अशी बरोबर फाटकाच्या मध्ये आणली आणि इंजिन बंद केलं. मग मोबाईल काढला आणि तोही बंद केला. मी ते पाहिलं. गुलाबभाऊ दुसऱ्या दाराने उतरले, "पाय लय दुखून राह्यला" म्हणाले, आणि समोरच्या उसाच्या गुऱ्हाळावर जाऊन बसले.

आतून कोळशाला निघालेला एक ट्रक समोर येऊन थांबला. बाहेरून परतलेले दोन मागे थांबले. हॉर्न सुरू झाले. मॅनेजर काचेच्या दारातून पळत आले.

"गाडी काढा! फाटक आहे हे!"

"काढतो जी," पौर्णिमा खिडकीतून म्हणाली. (आमच्याकडे बायकाही 'काढतो', 'येतो' म्हणतात, तुमच्या पुण्याच्या आजीला विचित्र वाटतं.) "पर लायसन नाई ना मापाशी. तुमच्या खनात हाय. बिनालायसनची गाडी चालवनं गुन्हा हाय साहेब."

"मग इथपर्यंत कशी आणली?"

"मोबाईलात होतं. मोबाईल बंद पडला."

"तुमचा मालक कुठे आहे? त्याला सांगा!"

पौर्णिमाने गुऱ्हाळाकडे बोट केलं. गुलाबभाऊंनी तिथून पाय उचलून दाखवला.

मी उतरले. म्हणजे, मला उतरवलं गेलं. वाऱ्याने मिरचीची धूळ आवारात जात होती. मॅनेजर माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले की मॅडम, तुम्ही शिकलेल्या बाई आहात, असल्या प्रकारात तुम्ही कशा, आणि पुढचं वाक्य शिंकेत गेलं.

"शिकलेली आहे म्हणून आता मागची बाजूही वाचली आहे," मी म्हणाले. "ही वाक्यं आरटीओतल्या साहेबांना मी मराठीत वाचून दाखवीन. त्यांना आवडतात का बघू. तोपर्यंत गाडी इथेच राहील."

मागचे दोन ट्रकवाले आता उतरून आले होते. त्यातल्या एकाला पौर्णिमाने वरूनच प्रकरण सांगितलं, आणि तो हॉर्न वाजवायला परत गेला. यावेळी त्याचा हॉर्न आमच्या बाजूने होता.

मॅनेजरांनी खण ओढला. मी दोन पावत्या टेबलावर ठेवल्या. "एक 'पी'मध्ये आहे आणि एक 'एम'मध्ये."

"हे मारोतीचं प्रकरण वेगळं आहे."

बाहेर तीन हॉर्न एकदम वाजले.

"दोन्ही," मी म्हणाले.

ते शोधत बसले तर मीच हात घातला. असले खण मी झोपेतही शोधीन. 'एम' आणि 'पी' काढताना अंगठ्याखालून बाकीची कार्डं गेली, फोटोंसकट. ती मला तशीच ठेवावी लागली. त्या खणाबद्दल मी आरटीओला लेखी अर्ज दिला आहे. त्याचं काय होतं ते बघेन. निघताना मी दोन्ही पावत्यांवर 'परत दिले' असं लिहून त्यांची सही घेतली. ती न घेता मला त्या दारातून बाहेर पडता आलं नसतं.

पौर्णिमाने लायसन घेतलं, दोन्ही बाजूंनी वाचलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवून गुंडी लावली.

मग तिने सीटखालून रॉड काढला आणि खाली उतरली.

"अहो ताई, आधी गाडी काढा ना!" मॅनेजर डोळे पुसत ओरडले.

"भाऊचा नेम हाय जी. फेरी झाल्याबिगर चावी नाई."

ठण्. ठण्. ती घाई न करता एकेक चाक ठोकत गेली. चौथ्यापाशी तिने एक दगड बाजूला केला. सातव्यावर दोनदा ठोकलं, कान लावला, पुढे गेली. दहावं झालं तेव्हा सगळे हॉर्न थांबले होते आणि समोर गुलाबभाऊ उसाच्या रसाचा पेला हातात तसाच धरून उभे होते. कोणती कंपनी, हा प्रश्न तिने तिथेच निकालात काढला होता, आणि माझ्या अकरा प्रश्नांतला एकही त्यासाठी लागला नव्हता.

सोमवारी ती गुलाबभाऊंची गाडी घेऊन आष्टीवरून गेली तेव्हा मारोतीचं लायसन तिच्याबरोबर होतं. तिने सांगितलं की त्याने ते बराच वेळ उलटसुलट पाहिलं, आणि मग चहाचं आधण उकळून वर आलं म्हणून खिशात ठेवलं.

घरी आल्यावर मी वही पूर्ण केली. दुसऱ्या नावाखालचा 'कोंबडी' हा शब्द खोडला. 'सापळे लावतो' हे मात्र तसंच ठेवलं आहे.